केळुसकर एन्झाईम

"उर्मिला, हे काय आहे?"

केळुसकरबाईंनी माझ्या छापील कागदांचा गठ्ठा टेबलावर असा आपटला की चहाचा कप आडवा झाला आणि दाराशी उभे असलेले प्रयोगशाळेचे सेवक दाभोळेमामा "अरारारा" करत फडकं आणायला धावले.

"निकाल आहेत, बाई. चौथ्या प्रकरणाचे."

"ते दिसतंय मला. तुझा प्रोग्रॅम सगळ्या जगाची एन्झाईमं ओळखतो आणि माझंच ओळखत नाही?"

"ओळखतो की," मी म्हटलं. माझी जीभ पहिल्यापासून जरा तिखटच. "त्याचं म्हणणं इतकंच की ते एन्झाईमच नाही."

टेबल पुसणारा मामांचा हात जागच्या जागी थांबला. त्या खोलीत बाईंशी असं कुणी बोलत नसे. मीही बोलायला नको होतं, पण बोलून बसले.

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या मे महिन्यातल्या एका सोमवारची. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका संशोधन केंद्रात केळुसकरबाई जीवरसायन विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. मी मूळची संख्याशास्त्राची, बार्शीची. परीक्षानळी माझ्या हातात आली की फुटणारच, म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "प्रयोगशाळेत यायचं, बघायचं, हात लावायचा नाही." माझं सगळं काम कॉम्प्युटरवरचं. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची लांबलचक माळ, आणि प्रत्येक मण्याला एक अक्षर दिलेलं. अशा हजारो माळा जगभरच्या लोकांनी एका मोठ्या यादीत घालून ठेवल्यात, आणि शेजारच्या रकान्यात त्या प्रथिनाचं काम काय तेही लिहिलेलं असतं. मी तो रकाना झाकायचे आणि नुसती अक्षरं मोजायचे. कुठलं अक्षर किती वेळा येतं, कुठल्याच्या शेजारी कुठलं बसतं, कुठली जोडी कधीच जमत नाही. त्यावरून प्रोग्रॅमनं सांगायचं की हे एन्झाईम आहे का, असेल तर काय करतं, तोडतं की जोडतं. माणूस चार वाक्यं बोलला की तो बार्शीचा की मालवणचा हे आपल्याला कळतं, गाव विचारावं लागत नाही, तसंच हे. मग रकाना उघडायचा आणि ताळा करायचा.

एकतीसशे प्रथिनांचा ताळा केला होता. झकास जमला होता. एकाच घराण्यात प्रोग्रॅमनं माती खाल्ली होती, आणि ते घराणं नेमकं बाईंचं निघालं.

चौऱ्याऐंशी साली बाईंनी एका गुऱ्हाळामागच्या मळीच्या खड्ड्यातून एक जंतू शोधला आणि त्याच्यातलं एक प्रथिन वेगळं काढलं. ते स्टार्च तोडतं असं त्यांनी सिद्ध केलं. उसाच्या रसातला स्टार्च म्हणजे साखर कारखान्यांची जुनी डोकेदुखी, त्यामुळे बराच गवगवा झाला. परदेशी नियतकालिकात लेख आला. त्या प्रथिनाला लोक केळुसकर एन्झाईम म्हणायला लागले, आणि पुढे जगात कुठेही तशा माळेचं प्रथिन सापडलं की ते केळुसकर घराण्यात जाऊन बसायचं. अशी दोनशे बारा होती. विभागात शिरल्या शिरल्या समोरच त्या लेखाचं पहिलं पान काचेत लावलेलं होतं.

"आधी तुझा प्रोग्रॅम तपास," बाई म्हणाल्या. "शुक्रवार लक्षात आहे ना?"

शुक्रवार कसा विसरेन? शुक्रवारी माझ्या नोंदणीची मुदत संपत होती. दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा विद्यापीठ दारात उभं करत नाही. तोवर बाईंच्या सहीचा प्रबंध जमा झाला नाही तर सात वर्षं पाण्यात. शिवाय नऊ वर्षं मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तिथे कायमची जागा निघाली होती आणि प्राचार्यांनी सरळ सांगितलं होतं, प्रबंध जमा केल्याची पावती दाखवा नाहीतर जागा दुसऱ्याला. मी चौतिशीची झाले होते. अशी जागा पुन्हा निघेल या आशेवर बसण्याचं वय उरलं नव्हतं.

प्रोग्रॅम तपासला. एक-एक ओळ तपासली. चूक काही सापडेना. आणि खरं सांगायचं तर सापडणार नाही हे मला आधीच माहीत होतं. चुकीचाही एक स्वभाव असतो. प्रोग्रॅम चुकतो तेव्हा त्याची उत्तरं विखुरतात. एकाला हे म्हणेल, दुसऱ्याला ते. इथे दोनशे बाराच्या दोनशे बारा प्रथिनांना त्यानं एकच उत्तर दिलं होतं: हे साखरेला, स्टार्चला चिकटून बसतं, इकडून तिकडे नेतं. तोडत काही नाही. हमाल आहे, एन्झाईम नाही.

मग मी दुसरं काम केलं. दोनशे बारांपैकी प्रत्येकाचं काम कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, ते मागे मागे जात शोधलं. रात्रभर जागून डोळ्यांचं भरीत झालं. मंगळवारी दुपारी बाईंच्या खोलीत गेले तेव्हा माझ्या हातात एकच कागद होता.

"बाई, रागावू नका. यातलं प्रत्यक्ष तपासलेलं एकच आहे."

"म्हणजे?"

"हे जपानचं घ्या. त्यांनी लिहिलंय, जर्मनीच्या प्रथिनासारखं दिसतं म्हणून हेच काम. जर्मनीवाले म्हणतात, ब्राझीलसारखं दिसतं म्हणून. ब्राझीलवाले म्हणतात, केळुसकरांसारखं दिसतं म्हणून. नळीत घालून कुणीच पाहिलेलं नाही. लग्नात एका मावशीनं सांगितलं नवरामुलगा इंजिनिअर आहे, की संध्याकाळपर्यंत अख्खा हॉल तेच म्हणतो. मुलाला कुणी विचारत नाही."

"आणि ती मावशी मी."

बाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय मी कधी पाहिले नव्हते, लहान दिसत होते.

"आठ वेळा केला होता तो प्रयोग," त्या म्हणाल्या. "आठ. दर वेळी रंग उतरला. माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"मी कुठे नाही म्हणतेय, बाई."

"म्हणतेयस. आकड्यांत म्हणतेयस." आणि त्या उठल्या, खोलीतून निघूनच गेल्या. कागद टेबलावर तसाच राहिला.

मी तिथे पाच मिनिटं उभी होते. म्हटलं, संपलं. ज्या प्रबंधात बाईंचं आयुष्यभराचं काम खोटं ठरतंय त्यावर बाई सही कशाला करतील? कुणीही करणार नाही. माझ्या आईनंही केली नसती.

बुधवारी सकाळी मी ते दोनशे बारा काढून टाकले.

अगदी साधं काम होतं हो ते. यादीतून एक घराणं वगळायचं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा, अर्ध्या तासात झालं. घराणं धरून माझा अचूकपणा साडेअठ्ठ्याऐंशी टक्के येत होता. वगळून पंचाण्णव. चौथ्या प्रकरणाची अकरा पानं गेली आणि प्रकरण कसं सुबक झालं. वगळलं असं कुठे लिहिलंही नाही. मनाला समजावलं, बाईंची अब्रू राखली आपण, पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या बाईला कशाला छळायचं. दुपारी छापून बांधणीवाल्याकडे दिलं. तो दोन दिवस लागतील म्हणत होता. हातापाया पडले, जास्तीचे पैसे दिले, तेव्हा गुरुवारी सकाळी काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या पाच प्रती हातात पडल्या. किती देखण्या होत्या! त्या एका मोठ्या कापडी पिशवीत घालून मी थेट विभागात गेले.

बाई खोलीत नव्हत्या. मामा बोळातून येत होते. "प्रयोगशाळेत हायत, ताई," ते म्हणाले. "सोमवार सांजपास्नं जास्ती तितंच असत्यात. डबाबी तितंच खात्यात."

"सोमवारपासून? काय करतायत?"

"जुना जंतू बर्फातनं काढलाय. वाढवलाय, दळलाय, गाळलाय, समदं सोता. मला फकस्त नळ्या धुवाय लावल्यात."

मला वाटलं होतं बाई रुसून बसल्यात. त्या सोमवारी संध्याकाळीच कामाला लागल्या होत्या. माझं म्हणणं ऐकताना त्यांना राग आला होता, पण माझ्या आकड्यांवर त्यांनी विश्वास ठेवला होता.

मी प्रयोगशाळेच्या दारात गेले. बाई उंच स्टुलावर बसल्या होत्या, अंगात पांढरा कोट, केस विस्कटलेले. समोर लाकडी स्टँडमध्ये नळ्यांची रांग. सगळ्या गर्द निळ्या.

"आलीस? ये. बस तिथे." आवाज अगदी शांत होता. "काही हात लावू नकोस."

मी बसले. पिशवी पायाशी ठेवली आणि पायानंच स्टुलाखाली सरकवली.

"निळं दिसतंय ना? स्टार्चमध्ये आयोडीन टाकलं की निळं होतं. एन्झाईमनं स्टार्च तोडला की निळा रंग जातो. शाळेत केलं असशील." त्यांनी एक नळी उजेडात धरली. "तीन तास झाले. अजून निळीच आहे. काल पाच तास ठेवली होती, कालही निळी. स्टार्चला चिकटतं हे खरं, झटकून निघत नाही. पण तोडत नाही. तुझा प्रोग्रॅम बरोबर बोलतोय, उर्मिला."

सात वर्षांत बाईंनी माझं एकदाही कौतुक केलं नव्हतं, आणि केलं ते हे असं, त्या दिवशी.

"मग चौऱ्याऐंशी साली रंग गेला कसा?" मी कसंबसं विचारलं.

"तेच कोडं आहे. तोच जंतू, तेच प्रथिन. पाणी तपासलं, आयोडीन तपासलं, वहीत लिहिलंय तसंच्या तसं केलं. तेव्हा अर्क पिपेटच्या मोजनळीनं ओढून दोन नळ्यांत घालायचे मी. एक नळी उकळायची, उकळली की एन्झाईम मरतं, मग दोन्हींत स्टार्च ओतायचा. न उकळलेल्यानं रंग जायचा, उकळलेल्यानं जायचा नाही. म्हणजे जे काही रंग घालवत होतं ते अर्कातच होतं. याहून चोख ताळा कुठला?" त्यांनी कपाळ चोळलं. "मामा, तुम्ही होतात ना तेव्हा? आठवतंय का काही?"

मामा कोपऱ्यात नळ्या पुसत होते. चौऱ्याऐंशी साली ते तिथे नवीन लागलेले. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि जरा विचार केला.

"तवा पिपेटीला हे रबरी फुगं कुटं व्हतं, बाई?" ते म्हणाले. "तवा तुमी पिपेटीची नळी तोंडात धरून अर्क वडायचा. दुसऱ्या कुणाला वडू देत न्हवता, म्हनायचा थेंब थेंब म्हागाचाय. बाकीची नळीच्या तोंडात कापूस कोंबायची, तुमी त्योबी न्हाई. मी म्हनायचो, बाईंच्या तोंडाला गुन हाय, वडलं की रंग उतरतोयच."

मामा हसले. एकटेच हसले.

बाईंनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. मग त्यांनी एक कोरी नळी घेतली, तिच्यात स्टार्चचं पाणी घातलं, आयोडीनचा थेंब टाकला. निळं झालं. त्यांनी नळी तोंडाजवळ नेली आणि तिच्यात थुंकल्या.

मी डोळे फाडून बघत राहिले. विभागप्रमुख केळुसकरबाई, इस्त्रीच्या सुती साडीशिवाय कधी न दिसणाऱ्या बाई, परीक्षानळीत थुंकल्या! मामांनी तर तोंडावर फडकं धरलं.

बाईंनी नळी मुठीत धरली, उबेला. पाचएक मिनिटांनी त्यांनी मूठ उघडली. निळा रंग जांभळट झाला होता. मग तपकिरी. मग उरलं नुसतं पिवळसर पाणी.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

"लाळ," बाई म्हणाल्या. "लाळेतलं एन्झाईम. सातवीच्या पुस्तकातला प्रयोग, उर्मिला. सातवीच्या! अर्क ओढताना लाळ अर्कात उतरत होती. आणि अर्क उकळला की लाळही उकळत होती. माझा ताळा चोख तो असा चोख."

"पण बाई, एवढीशी लाळ... आठ वेळा?"

बाई बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. ओठ हलत होते. जून, जुलै, ऑगस्ट. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर टाकले.

"ते प्रयोग ऑगस्ट-सप्टेंबरचे. माझी रेवती मार्चमधली. मला तिसरा महिना होता, कुणालाच सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर मला प्रयोगशाळेत उभं केलं नसतं वरिष्ठांनी. तोंडाला सारखं पाणी सुटायचं गं. रुमाल भिजायचा. मळमळतंय, तोंडात पाणी येतंय, आणि मी आपली पिपेट ओढतेय." त्या माझ्याकडे बघत होत्या पण मला बघत नव्हत्या. "बाळंतपणाच्या रजेवरून आले तर एन्झाईमचा जोर निम्म्यावर आलेला. आम्ही काय लिहिलं माहितीये? साठवणुकीत जोर कमी होतो. तसं छापलंय! कारखान्यानं वापरून पाहिलं, काही होईना, तेव्हा आम्ही कारखान्याच्या रसाला नावं ठेवली. पुढे मी विभागप्रमुख झाले, फायलींत बुडाले, पुन्हा हात लावला नाही. शिकवलं मात्र दरवर्षी. बावीस वर्षं, उर्मिला. दोनशे बारा प्रथिनं माझ्या डोहाळ्यांच्या नावावर आहेत."

मला हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही एकदम. मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. आपण काय बोलून गेलो हे बहुतेक त्यांना आत्ता कुठे कळत होतं.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. आणि एकाएकी त्यांच्यात जोर आला.

"बरं. रडायला नंतर वेळ आहे. तुझा प्रबंध आणलास ना? चौथं प्रकरण काढ. नुसत्या अक्षरांच्या मोजदादीवरून तू सांगितलंस की हे एन्झाईम नाही, आणि नळीत घातल्यावर ते खरं निघालं. अगं, याहून मोठं काय हवं? पंधरा ओळी घालू आपण शेवटी, मी सांगते तू लिही. लाळेचंही लिहायचं, काही झाकायचं नाही. काय त्या पिशवीत आहे का?"

"बाई, ते..."

"दे की."

त्यांनीच वाकून पिशवी ओढली. वरची प्रत काढली. काळ्या रेक्झिनवरून एकदा हात फिरवला, "छान बांधलाय," म्हणाल्या. मग पानं उलटायला लागल्या. चौथं प्रकरण आलं. पहिलं कोष्टक आलं. त्या थांबल्या. पुढचं पान, त्याच्या पुढचं. मागे आल्या. मी जमिनीकडे बघत होते, पण पान उलटल्याचा आवाज प्रत्येक वेळी ऐकू येत होता.

"पंचाण्णव टक्के," त्या म्हणाल्या. "सोमवारी साडेअठ्ठ्याऐंशी होते."

"हो."

"माझे दोनशे बारा कुठे गेले?"

"बाई, मला वाटलं तुमच्या नावाला..."

"माझ्या नावासाठी काढलेस?"

"हो. म्हणजे..."

"खरं सांग."

"उद्या शेवटची तारीख आहे, बाई. मला वाटलं तुम्ही सही करणार नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. मघाशी नळीचा रंग गेला तेव्हाही तो चेहरा असा झाला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांना धक्का बसला होता, माझा.

"उत्तर बरोबर आहे हे तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

त्यांनी प्रत मिटली. मग म्हणाल्या, "परत घालशील? ती अकरा पानं?"

आता इथे काय झालं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं इथेच ठरलं. त्या विचारत होत्या. हुकूम सोडत नव्हत्या, विचारत होत्या. आणि मी "हो" म्हणायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा वाजले होते. मी मनात हिशेब केला: प्रोग्रॅम, छपाई, बांधणी, विद्यापीठाची खिडकी, कॉलेजची जागा. आणि मी म्हटलं, "बाई, बांधायला दोन दिवस लागतात."

बुधवारी दिलेलं गुरुवारी सकाळी मिळालेलं होतं. तसं पुन्हा करणं माझ्या हातातच होतं.

"मग राहू दे," बाई म्हणाल्या.

त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं. पाचही प्रती ओळीनं मांडल्या आणि पाचही प्रतींवर सही केली, रोजच्यासारखीच, वळणदार. शेवटची करून झाल्यावर टोपण लावत म्हणाल्या, "यात लिहिलंयस त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. मी तपासलंय. म्हणून सही केली. मी बावीस वर्षं नकळत चुकीचं सांगत राहिले. तू मात्र..." त्या स्टुलावरून उतरल्या, निळ्या नळ्या एकेक करून बेसिनमध्ये ओतायला लागल्या. मामा मदतीला गेले तर त्यांना हातानंच नको म्हणाल्या.

मी प्रती पिशवीत भरल्या आणि निघाले. थांबून पाया पडावं असं वाटलं होतं. धीर झाला नाही.

शुक्रवारी प्रबंध जमा झाला. पावती मिळाली, जागा मिळाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पंचाण्णव टक्क्यांचं फार कौतुक केलं, आणि बाई माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. मला वाटत होतं आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी एक शब्द काढला नाही. परीक्षक गेल्यावर माझ्या हातावर पेढा ठेवला, "अभिनंदन, डॉक्टर," म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

डिसेंबरात एके दिवशी दुपारी मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. दारात दाभोळेमामा. कपाळावर घाम, हातात तपकिरी पाकीट.

"बाईंनी दिलंय," ते म्हणाले. "म्हनल्या पोस्टानं नको, हातात दे."

पाकिटात चिठ्ठी नव्हती. त्याच परदेशी नियतकालिकाची दोन छापील पानं होती. बाईंनी आपला चौऱ्याऐंशीच्या प्रयोगांवरचा लेख मागे घेतला होता. सगळं लिहिलं होतं: तोंडानं ओढलेली पिपेट, लाळ, तिसरा महिना, उकळलेला अर्क, नंतरचा खुलासा कसा चुकीचा होता तेही. एकही गोष्ट गाळली नव्हती. खाली त्यांची एकटीची सही. मी पाकीट घ्यायला उठले होते, ती खुर्ची ओढून बसले.

"काय लिवलंय, ताई?" मामांनी विचारलं. "मला इंग्रजी येत न्हाई. बाईंना इचारलं तर म्हनल्या, उर्मिलाकडनं वाचून घ्या."

"चूक झाली होती असं लिहिलंय, मामा. त्या दिवशीचं सगळं."

"तुमचं नाव हाय का त्यात? तुमीच काढलं व्हतं की हुडकून."

"नाही. माझं नाही."

"मग?"

"तुमचं आहे."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "माजं? थट्टा करताय व्हय गरिबाची?"

"हे बघा. इथे. श्री. दत्तू रामू दाभोळे." मी बोट ठेवलं. त्यांना अक्षर कळत नव्हतं, तरी ते वाकून, डोळे बारीक करून त्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी हात शर्टाला पुसला आणि एका बोटानं ते नाव हलकेच चाचपलं.

"वाचा की," ते म्हणाले. "मराठीतनं वाचा. काय म्हनल्यात बाई?"

मी वाचलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "हा दोष कुठून आला ते आमचे प्रयोगशाळा सेवक श्री. दत्तू रामू दाभोळे यांनी लक्षात आणून दिल्यामुळे उघड झालं. त्यांची मी ऋणी आहे. मूळ शंका एका संख्याशास्त्रज्ञ बाईंची होती. त्यांनी ती नंतर मागे घेतली."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते फडक्यानं टिपलं, कारण फडकं त्यांच्या खांद्यावर इथेही होतं. मग जरा वेळानं, अगदी सहज, त्यांनी विचारलं, "तुमी तर हुडकून काढलं, मग ही मागं घेनारी बाई कोन, ताई? आपल्यातलीच का?"

"होती कुणीतरी," मी म्हटलं.